सात महिने, तीन फेऱ्या आणि एक तिरका फ्रीज

कॅम्परव्हॅनने फ्रान्समधले किल्ले बघायचे, तर कुठली गाडी घ्यावी असं दोघा-तिघांनी विचारलं. बेड, सोलर, हीटर ते सगळं तुम्हाला माहीत आहे. मी फक्त फ्रीजबद्दल लिहिणार आहे.

आमची सेकंडहँड डुकाटो (फियाटची व्हॅन), एप्रिलमध्ये स्टुटगार्टजवळ घेतली. मे महिन्यात ल्वार नदीकाठी पहिली फेरी. शाँबोरच्या किल्ल्यातला तो दुहेरी गोल जिना (एक चढतो, दुसरा उतरतो, दोघांची गाठ पडत नाही), शेर नदीवर पुलासारखा उभा असलेला शनाँसोचा महाल, सगळं झकास. दूध तीन दिवस टिकलं. तेव्हा मला विचारलं असतं तर गाडीला पाचपैकी पाच दिले असते. कुरकुर होती ती टोलची. उंची दोन मीटरच्या वर म्हणून फ्रान्समध्ये वर्ग २, म्हणजे कारपेक्षा जास्त पैसे.

जुलैत सांगलीहून आई आली आणि आम्ही नैर्ऋत्य फ्रान्समधल्या दोर्दोन्यला गेलो. दोम हे १२८१ साली कड्यावर वसवलेलं तटबंदीचं गाव. गाडी उतारावर लावली, विजेची जोडणी नव्हती म्हणून फ्रीज गॅसवर चालवला. सकाळी दूध नासलेलं, आणि आईने श्रीखंडासाठी रात्रभर टांगलेला चक्का आंबून ढाण! बाहेर ३६ अंश. समोर दरीचा काय तो देखावा, आणि मी फ्रीजच्या मागची जाळी उघडून बसलेलो.

घरी आल्यावर डीलरकडे गेलो. त्याने दिवसभर फ्रीज चालवला, "काहीही बिघाड नाही" म्हणाला आणि तपासणीचे ९५ युरो लावले. मी तावातावाने भांडलो. अर्थात वर्कशॉपमध्ये तो चालणारच! फरशी सपाट होती ना.

इथे मला माझं मत बदलावं लागलं. हा शोषण पद्धतीचा फ्रीज. आत ना मोटर, ना पंप. ज्योतीच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो आणि पुढचा प्रवास उतारानेच करतो. गाडी जास्त तिरकी झाली की तो प्रवाह अडतो. म्हणजे फ्रीज बरा होता, मी गाडी चुकीची लावत होतो. पण विकताना हे एका वाक्यात सांगायला काय जात होतं? ९५ युरोंचा राग अजून आहे.

आणि मध्ययुगीन गावं बघायला निघालेल्याने सपाट जागा आणायची कुठून? शत्रू चढू नये म्हणूनच ती टेकडीवर बांधली. त्याच जुलैच्या फेरीत पाहिलेल्या कास्तेलनोच्या किल्ल्यात दगडफेकीची अवाढव्य यंत्रं आहेत. आई म्हणाली, "ही तर गोफणच की रे." समोर नदीपलीकडे बेनाकचा किल्ला. इंग्लंड-फ्रान्सच्या शंभर वर्षांच्या युद्धात हे दोघे एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले. मी मात्र तेव्हा फ्रीजचाच विचार करत होतो.

तोडगा आईनेच काढला: "गवंडी पाणसळ लावतो, तशी लाव." चार युरोची पाणसळ फ्रीजच्या तळात ठेवली, चाकाखाली घालायचे प्लास्टिकचे ठोकळे बावीस युरोंना आणले. ऑक्टोबरात कार्कासोनचं तटबंदीचं शहर आणि टेकडीवरचं कॉर्द-स्यूर-स्येल गाव केलं. कार्कासोनच्या बावन्न बुरुजांवर एकोणिसाव्या शतकातल्या व्हियोले-ल्-द्यूक या वास्तुविशारदाने बसवलेली टोकदार छपरं तिथली वाटतच नाहीत, हे माझं मत. कॉर्द जास्त आवडलं. १२२२ सालचं, सकाळी धुक्यावर तरंगणारं. रोज पोचल्यावर दहा मिनिटं पुढे-मागे, बायको बाहेरून हात हलवतेय, "थोडं अजून... बास!" दही चार दिवस गोड राहिलं.

कॉम्प्रेसर फ्रीजला (घरातल्यासारखा, मोटरवर चालणारा) तिरकेपणाचं सोयरसुतक नसतं, पण तो बॅटरी खातो. बसवून द्यायचे बाराशे युरो सांगितलेत. ठोकळे फुटेपर्यंत तरी नाही.