रोम की इस्तंबूल? फक्त इतिहासासाठी जायचं असेल तर

'प्राचीन बघायचं तर रोम, मध्ययुगीन बघायचं तर इस्तंबूल' अशी वाटणी सर्रास केली जाते. ती पुरती खरी नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं 330 मध्ये बायझँटियमला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, राजधानी केलं. पुढे 476 मध्ये रोमला सम्राट उरला नाही, तरी इथलं राज्य 1453 पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत राहिलं (1204 ते 1261 ही क्रुसेडवाल्यांच्या, म्हणजे पश्चिम युरोपातल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, ताब्यातली वर्षं वगळून). म्हणजे दोन्ही शहरं रोमनच. चारच दिवस हाताशी असतील तर मी एवढंच बघतो, की कुठल्या शहरात इतिहासाचे हे थर गाइडच्या तोंडून न ऐकता आपल्या डोळ्यांना दिसतात.

तटबंदीच्या बाबतीत इस्तंबूलला तोड नाही. 413 च्या सुमाराची ही थिओडोसियन तटबंदी मार्मारा समुद्रापासून गोल्डन हॉर्न खाडीच्या दिशेला सुमारे 6 किलोमीटर जाते. बाहेर खंदक, मग बुटका तट, मग उंच तट, असे तिचे तीन पदर. येदीकुलेच्या बाजूला खंदकात अजून भाजीचे मळे दिसतात. पायात जाड तळव्याचे बूट हवेत आणि चालणं दिवसाउजेडी संपवावं, कारण मधले काही पट्टे फार निर्मनुष्य आहेत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ट्रामच्या 'टोपकापी' थांब्यावर ओटोमन सुलतानांच्या टोपकापी राजवाड्यासाठी उतरणं. टोपकापी म्हणजे तोफेचा दरवाजा, आणि या शहरात त्या नावाची दोन ठिकाणं आहेत. हा थांबा तटबंदीजवळचा, 1453 चा, शहर ओटोमन तुर्कांच्या हाती गेलं तो वेढा समजून घ्यायला उत्तम. राजवाडा तिथून काही किलोमीटर दूर. त्यासाठी सुलतानअहमद किंवा गुलहानेला उतरायचं, आणि मंगळवारी तर उतरायचंच नाही, कारण त्या दिवशी तो बंद असतो.

जुन्या घोडेशर्यतींच्या मैदानात, हिप्पोड्रोममध्ये, वर बघण्याआधी खाली बघा. इ.स.पू. 479 च्या प्लाटियाच्या लढाईत पर्शियनांवर मिळवलेल्या विजयाची खूण म्हणून ग्रीकांनी डेल्फीला उभारलेला आणि पुढे इथे आणलेला काशाचा सर्पस्तंभ आज एका खड्ड्यात उभा दिसतो. खड्डा स्तंभासाठी खणलेला नाही. मैदानाची मूळ पातळी तीच होती, शहर मागाहून वर चढत गेलं. हे बघायला तिकीट नाही.

इथपर्यंत पारडं इस्तंबूलकडे आहे. अडतं ते आयासोफियात. 537 ची ही वास्तू आधी चर्च, 1453 नंतर मशीद, 1935 पासून संग्रहालय आणि 2020 पासून पुन्हा मशीद. जानेवारी 2024 पासून परदेशी पर्यटकाला 25 युरोंचं तिकीट काढून वेगळ्या दारानं थेट वरच्या सज्ज्यात जावं लागतं. खालचा भाग नमाजासाठी राखीव. सज्ज्यात ऐवज कमी नाही: येशूचं ते प्रसिद्ध मोझेक, 1204 च्या क्रुसेडमधल्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, दांडोलोच्या, नावाचा दगड, कुणा व्हायकिंगनं कठड्यावर कोरलेलं आपलं नाव. मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, गाभाऱ्याच्या मध्यावर नसून जरा उजवीकडे आहे, हेही सज्ज्यातून स्वच्छ दिसतं. चर्चचा अक्ष एकीकडे, मक्का थोडी दुसरीकडे. दोन धर्मांचा इतिहास त्या काही हातांच्या तिरकसपणात मावला आहे.

पण 31 मीटर व्यासाच्या घुमटाखाली उभं राहता येत नाही. 558 मध्ये पहिला घुमट कोसळला आणि 562 मध्ये आणखी उंच बांधला, तो का आणि कसा, हे कळतं ते खालून. जमिनीवरून 55 मीटर वर नजर टाकली, की पायथ्याच्या चाळीस खिडक्यांच्या उजेडात तो अधांतरी टेकल्यासारखा दिसतो. सज्ज्यातून ही उंची निम्मी वाटते. सम्राटांच्या राज्याभिषेकाच्या जागेची रंगीत फरसबंदीही लांबूनच बघायची. प्रार्थनास्थळाचा मान राखायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या एका वास्तूसाठी माणूस एवढा लांब जातो तिचा सभामंडप वगळायचा, ही गोष्ट निदान मला तरी गिळता आली नाही. नियम बदलूही शकतात, बुकिंगआधी पुन्हा बघून घ्या.

रोमचं पँथिऑन, हे प्राचीन रोमन देऊळही, 609 पासून चर्चच आहे. जुलै 2023 पासून 5 युरोंचं तिकीट लागलं, मिस्सा चालू असताना पर्यटकांना बंद असतं, पण एरवी तुम्ही 43 मीटरच्या घुमटाच्या बरोबर मध्यावर उभे राहता. वरच्या भोकातून पडणारा पाऊस फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो, ती छिद्रं पायाशी शोधा.

आणि सान क्लेमेंते. कोलोसिअमपासून चालत जाण्यासारखं. वर बाराव्या शतकातलं चर्च. जिना उतरलात की चौथ्या शतकातलं, जे भराव टाकून बुजवलं होतं आणि 1857 पासून उकरलं गेलं. आणखी उतरलात की पहिल्या शतकातल्या इमारती, मधली अरुंद बोळ आणि मिथ्र देवाचं ठाणं. तळाशी वाहत्या पाण्याचा आवाज येतो. मधल्या मजल्यावर अकराव्या शतकाच्या अखेरचं एक भित्तिचित्र आहे, त्यात मालक नोकरांवर खेकसतो, 'ओढा रे, रांडेच्यांनो!' इटालियन बोलीच्या सर्वांत जुन्या लेखी नमुन्यांत ही शिवी मोडते. खाली गारवा आणि ओल असते, फोटोला मनाई आहे, रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे जाऊ नका.

रोमचा त्रास वेगळा. कोलोसिअमचं तिकीट नावानिशी आणि ठरल्या वेळेचं असतं. पासपोर्टवरचं स्पेलिंगच टाका. त्याच तिकिटात फोरम, म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य चौक, आणि पॅलाटाइन टेकडी येते, पण तिथे प्रवेश एकदाच, जेवायला बाहेर पडलात की संपलं. सावली जवळजवळ नाही, पाण्याची बाटली भरून घ्या. शेजारचा रुंद रस्ता 1932 चा, मुसोलिनीनं दाट वस्ती पाडून काढलेला. त्यामुळे इथले मधले थर गायब आहेत. ती भरपाई सान क्लेमेंतेत होते, म्हणून आधी फोरम आणि त्याच दुपारी सान क्लेमेंते असा क्रम लावा.

तेव्हा माझा कौल रोमला. पण वेढे, तोफा, तट यांत जीव रमत असेल तर माझं ऐकू नका, इस्तंबूलच गाठा. दोन्ही जमत असतील तर रोम आधी: इटलीसाठी लागणारा शेंगेन व्हिसा वैध असला की भारतीय पासपोर्टवर तुर्कीचा ई-व्हिसा मिळू शकतो, मात्र तुर्कीत उतरण्याच्या दिवशी शेंगेनची मुदत शिल्लक हवी.