बलून की पॅराग्लायडर? कोल्हापुरात राहून पायलट व्हायचं असेल तर

पर्यटक म्हणून बलूनमध्ये तासभर फिरून येणं वेगळं आणि बर्नर स्वतःच्या हातात घेणं वेगळं. ज्यांना पायलट व्हायचंय, घर कोल्हापुरात आहे आणि हॉट एअर बलून की पॅराग्लायडिंग यावर गाडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: आपल्या भागात हा निर्णय आभाळाकडे बघून घेता येत नाही, तो उसाकडे बघून घ्यावा लागतो.

बलूनला सुकाणू नसतं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेनं वाहतो. पायलट बर्नर मारून वर जातो, माथ्यावरची झडप दोरीनं उघडून खाली येतो आणि सोयीचा थर शोधतो. दिशा धरण्याचं त्याच्याकडं एवढंच साधन. उद्योगपती विजयपत सिंघानियांनी २६ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उड्डाण केलं, एकवीस हजार मीटरच्या वर जाऊन जागतिक विक्रम केला आणि उतरले ते थेट सिन्नर तालुक्यात. म्हणजे बलून कुठून सोडायचा हे तुम्ही ठरवाल, पण तो कुठं टेकेल हे अर्धंमुर्धं वाराच ठरवणार.

आता करवीर, हातकणंगले, शिरोळचं शिवार डोळ्यांसमोर आणा. जमीन सपाट, पण डोक्याच्या वर गेलेला ऊस. त्यात टोपली टेकली तर शेकडो चौरस मीटर कापड उसावर पसरणार, ते ओढून काढताना फाटणार, आणि शेतकऱ्याचं नुकसान होईल ते वेगळंच. बलूनला लागते ती शांत, थंड सकाळ आपल्याकडं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मिळते, आणि तेव्हाच तोडणी सुरू असल्यानं मोकळे तुकडेही दिसायला लागतात. मात्र त्या तुकड्यांत वाळलेलं पाचट पडलेलं असतं. बर्नरमध्ये सतत जळत राहणारी छोटी ज्योत टेकण्याआधी विझवली नाही तर काय होईल, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. नदीकाठी धुकं असतं. जवळजवळ प्रत्येक बांधावरून मोटारीची लाइन गेलेली असते, आणि विजेच्या तारा हा बलूनचा सगळ्यांत मोठा शत्रू. शिवाय उजळाईवाडीचा विमानतळ जवळ, त्यामुळं हवाई नियंत्रणाच्या परवानगीशिवाय काही हलणार नाही. म्हणून मी कोल्हापूरच्या बलूनवाल्याला जत, कवठेमहांकाळच्या माळांकडंच बोट दाखवीन. पश्चिमेला राधानगरी, गगनबावड्याकडं डोंगर आणि जंगल. तिकडचा विचारच नको.

पॅराग्लायडरला मुळात हवाच वेगळी लागते. दिवस तापला की वर उठणारे गरम हवेचे झोत, म्हणजे थर्मल, बलूनवाल्याला नको असतात, म्हणून तो सूर्योदयानंतर लगेच उडून उतरून मोकळा होतो. पॅराग्लायडर मात्र त्याच थर्मलवर किंवा डोंगराला आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर तरंगतो. त्याला हवा कापत पुढं जाणारा स्वतःचा वेग असतो, ताशी साधारण पस्तीस ते चाळीस किलोमीटर, आणि दोन हातांत ब्रेकच्या दोऱ्या. उतरायचं मैदान आधी हेरून तिथं वळून येता येतं. आपल्यासारख्या दाट पिकांच्या भागात हा फरक फार मोठा आहे.

जोतिबा किंवा मसाई पठाराच्या कड्यावर उभं राहिलं की इथूनच उडावंसं वाटतं. नवख्यानं ते करू नये. कड्याच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा घुसळत असते आणि तिथं पॅराग्लायडरचा कापडी पंख मिटतो. शिकायला पुणे जिल्ह्यातल्या कामशेतला जा. तिथं शाळा आहेत, शिंदेवाडीसारख्या शिकण्याजोग्या टेकड्या आहेत आणि हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. सुरुवातीला उडवतच नाहीत. सपाटीवर पंख पसरायचा, पुढच्या दोऱ्या हातात धरून दोन पावलं टाकायची, पंख डोक्यावर आला की ब्रेकनं तिथंच तोलायचा. तो डावीकडं कलला तर हात नुसता ओढायचा नाही, पाय आधी पंखाखाली न्यायचे. हे अंगात मुरलं की छोट्या टेकडीवरून पहिली झेप. पी-१, पी-२ असे प्रशिक्षणाचे टप्पे पार करत सुट्ट्या जोडून वर्षभरात तुम्ही देखरेखीखाली एकट्यानं उडू शकता. सामान पाठीवरच्या एका पिशवीत मावतं, एसटीनंही नेता येतं.

बलून हे भारतात रीतसर विमान आहे. त्याला व्हीटीनं सुरू होणारी नोंदणी असते आणि चालवायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा (डीजीसीए) परवाना लागतो. आंतरराष्ट्रीय निकष किमान १६ तासांचं उड्डाण आणि आठ आरोहणांचा, त्यांतलं एक एकट्यानं. युरोपात १६ तासांचं प्रशिक्षण, त्यात १० वेळा बलून फुगवणं आणि २० वेळा उडणं-उतरणं. आकडे वाचून सोपं वाटेल, पण शिकवणारा प्रशिक्षक आणि त्याचा बलून गाठणं हेच अवघड काम आहे. बरेच जण त्यासाठी परदेशाची वाट धरतात.

खर्चाबद्दल स्पष्टच बोलूया. पॅराग्लायडरचा पंख, हार्नेस, राखीव पॅराशूट असा नवा संच काही लाखांत येतो आणि जुनाही चांगला मिळतो, फक्त तो जाणकाराकडून तपासून घ्या. छोटा नवा बलूनसुद्धा त्याच्या कित्येक पट. वर प्रोपेन, फुगवायचा पंखा, पिकअप आणि माणसं. माथ्याची दोरी ताणून धरायला एक, तोंड उघडं धरायला दोन, खालून पाठलाग करणारा चालक एक. उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकत ही गाडी बलूनपर्यंत पोचली पाहिजे.

मात्र पहाटे चारला हाक मारली तर येणारी चार-पाच माणसं तुमच्याकडं असतील, एकट्यानं उडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून काही उभारणं तुम्हाला प्रिय असेल आणि पैशाची सोय असेल, तर बलून घ्याच. कापडात गार हवा भरून ते जमिनीवर लोळतं आणि पहिल्या ज्वाळेनं हळूहळू उभं राहतं, तेव्हाचा आनंद पॅराग्लायडिंगमध्ये नाही. आधी एखाद्या बलून कंपनीकडं किंवा तमिळनाडूतल्या पोल्लाचीसारख्या महोत्सवात क्रू म्हणून राबून बघा. उडायला नाही मिळालं तरी पुन्हा जावंसं वाटलं, तर चौकशी पुढं न्या.

बाकीच्यांना, म्हणजे नोकरी सांभाळून, स्वतःच्या हिमतीवर उडू पाहणाऱ्या बहुतेकांना, मी पॅराग्लायडिंगच सुचवीन. दिवाळी झाली की पी-१ला नाव घाला. पावसाळ्यात दोन्ही बंदच असतात. ते महिने हवामान शिकायला वापरा.