सोलर वॉटर हीटर: तिन्ही ऋतू वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही गच्चीवर 200 लिटरचा सोलर बसवला. आता गणपती आले, म्हणजे थंडी, उन्हाळा, पावसाळा सगळं पाहून झालं. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमचा दुमजली बंगला आहे, माणसं सहा, आणि पाणी अर्धं महापालिकेचं, अर्धं बोअरचं. पाण्याचं आधी सांगतेय, कारण कुठला सोलर घ्यायचा ते त्यावरच ठरलं.

तांब्याच्या सपाट पॅनेलचा सोलर जास्त टिकतो, हे मान्य. पण त्यातल्या बारीक नळ्यांत बोअरचे क्षार बसले की पाणी फिरणं मंदावतं. हीट एक्स्चेंजरवाला प्रकार मिळतो, त्यात बोअरचं पाणी पॅनेलच्या नळ्यांत जातच नाही; पण तो आमच्या बजेटबाहेर होता. म्हणून काचेच्या ट्यूबचा घेतला. क्षार इथेही बसतातच, पण ट्यूब काढून धुता येते. ट्यूब दुहेरी काचेची असते, मधली हवा काढून घेतलेली. बंद टोकाला आतून आरशासारखा चंदेरी भाग दिसतो; तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, ट्यूब बाद. खोक्यातून निघालेली प्रत्येक ट्यूब सासऱ्यांनी उलटसुलट करून पाहिली. बसवणारी पोरं वैतागली, पण एक ट्यूब बदलून मिळाली.

आता मुद्द्याचं. भेटेल तो मला ‘कंपनी कुठली?’ विचारतो. मी म्हणते, प्लंबर कोण ते विचारा. आमच्यासारख्या घरगुती सोलरमध्ये पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक वर टाकीत चढतं, गार पाणी खाली ट्यूबमध्ये उतरतं. सोलरच्या टाकीत गार पाणीही पंपाशिवाय आपसूकच उतरावं लागतं, म्हणून गार पाण्याची टाकी तिच्यापेक्षा उंच लागते. आमची टाकी गच्चीवरच टेकलेली होती, तिच्यासाठी सात फुटांचा कट्टा बांधावा लागला. हा खर्च कोटेशनमध्ये कुणीच धरत नाही.

दुसरी गोष्ट पाइपची. प्लंबर म्हणाला, ‘ताई, एक इंची टाकू, धार चांगली पडेल.’ धार पडते हो, पण गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंतचं पाइपातलं सगळं गार पाणी आधी बाहेर यावं लागतं. पाऊण इंची पाइप 20 मीटर असेल तर साधारण पाच लिटर पाणी नुसतं वाट बघण्यात जातं, एक इंचीत त्याच्या दीडपटीहून जास्त. आम्ही पाऊण इंचीवर अडून बसलो आणि उघड्या पाइपला फोमचं आवरण घालून घेतलं. तरी सकाळी पहिल्या आंघोळीआधी निम्मी बादली गार पाणी निघतंच. ते सासूबाई फरशी पुसायला ठेवतात. पाइपातलं पाणी पुन्हा गार व्हायच्या आत सकाळी खालच्या सगळ्यांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या, असा आमच्याकडे कायदाच झालाय.

रात्रीच्या आंघोळीवरही थोडी बंधनं आली. जितकं गरम पाणी वापराल तितकं गार पाणी टाकीत शिरतं, आणि रात्री ऊन नसतं. मुलांनी रात्री शॉवर सोडून गाणी म्हटली की सकाळी शेवटच्या माणसाला कोमट मिळतं. शेवटची बहुतेक मीच असते. आणखी एक, वरची गार पाण्याची टाकी रिकामी झाली की सोलर भरलेला असूनही गरम नळ कोरडा पडतो. मागून गार पाण्याचा रेटा आला तरच गरम पुढे सरकतं.

थंडीत काहीच तक्रार नाही. आभाळ स्वच्छ असतं, डिसेंबरातही सकाळी विसण घ्यावंच लागतं. उन्हाळ्यात उलट त्रास. एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं कढत येतं की धाकट्याला एकट्याने नळ सोडू देत नाही. सुट्टीला गावी गेलो तेव्हा निम्म्या ट्यूबांवर पोती टाकून गेलो. जुलै-ऑगस्टमध्ये सलग झड लागली की सोलर नुसता शोभेचा. विक्रेता टाकीतच बसणारा विजेचा हीटर घ्या म्हणून मागे लागला होता. नाही घेतला ते बरं झालं. 200 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला सहा युनिटच्या आसपास वीज लागते, आणि दोन किलोवॅटच्या हीटरला तीन तास. दोन बादल्यांसाठी हा उद्योग कशाला? जुना 15 लिटरचा गिझर वेगळ्या कॉकवर तसाच ठेवलाय, पावसाळ्यात तोच उपयोगी पडतो.

पैशांचं म्हणाल तर कट्टा, पाइप सगळं धरून 45 हजारांच्या आसपास गेले. हिवाळ्यात आमचं बिल दरवर्षी 300 युनिटच्या वर जायचं आणि वरचे युनिट महाग दराने लागायचे. या हिवाळ्यात ते एकदाही वर गेलं नाही. पुणे महापालिका सोलर असेल तर मिळकतकराच्या सर्वसाधारण करात 5 टक्के सवलत देते, सोबत गांडूळखत किंवा पर्जन्यजल संधारण असेल तर 10. आमचा खताचा खड्डा आधीपासून आहे, तेव्हा दोन्हींचा अर्ज एकदमच केला.

मध्यंतरी शेजारच्या पोरांचा सीझन बॉल गच्चीवर आला आणि एक ट्यूब फुटली. एकच फुटली तरी टाकीतलं सगळं पाणी त्या भोकातून वाहून जातं. नवी ट्यूब स्वस्तात मिळाली, पण ती संध्याकाळी ऊन उतरल्यावर बसवून घेतली. भर उन्हात कोरड्या तापलेल्या ट्यूबेत गार पाणी सोडलं की ती तडकू शकते. आता दोन जास्तीच्या ट्यूबा जिन्याखाली आणून ठेवल्यात, आणि दिवाळीआधी सगळ्या काढून क्षार धुवून घ्यायचेत. त्यासाठी प्लंबर तोच बोलावणार आहे, पाइपवरून भांडलेला.