डोनेपेझिल, पॅच की मेमँटिन?

घरात कुणाला अल्झायमर असल्याचं कळलं की पहिला प्रश्न येतो, यातलं सगळ्यात भारी औषध कोणतं? डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही तिन्ही मेंदूतलं असिटिलकोलिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) टिकवून धरतात आणि गुणाला साधारण सारखीच. आजार कुठल्याच औषधाने थांबत नाही. काहींची तब्येत काही महिने सावरलेली राहते, काहींना फरकच पडत नाही. म्हणून निवड करायची ती रुग्णाचं पोट, नाडी आणि औषध देणारं माणूस बघून.

डोनेपेझिल सर्वांत सुटसुटीत. दिवसाला एक गोळी. 5 मिग्रॅने सुरुवात, चार ते सहा आठवड्यांनी 10. मळमळ, जुलाब होऊ शकतात, भूक मंदावते. रात्रीच्या गोळीने भलभलती स्वप्नं पडत असतील तर डॉक्टरांना विचारून ती सकाळी द्यावी. नाडी मुळात मंद असेल, बीटा ब्लॉकर (नाडी मंदावणारं बीपी-हृदयाचं औषध) चालू असेल किंवा माणूस चक्कर येऊन पडला असेल, तर आधी ईसीजी. आणखी एक गंमत (खरं तर गंमत नव्हे): या गोळीने कधी लघवी आवरत नाही, मग दुसरे डॉक्टर लघवी आवरायला ऑक्सिब्युटिनिन देतात आणि ते डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं. सगळी प्रिस्क्रिप्शन्स एकाच डॉक्टरांना दाखवा.

गोळी पोटाला झेपत नसेल किंवा रुग्ण ती थुंकून टाकत असेल, तर रिव्हास्टिग्मिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी. पार्किन्सनमधल्या डिमेन्शियातही माझं मत यालाच. पाठीवर लावला तर रुग्णाचा हात पोहोचत नाही. मात्र जुना काढल्याशिवाय नवा लावायचा नाही. दोन-तीन पॅच अंगावर राहून औषधाचा अतिरेक झाल्याच्या घटना आहेत. गॅलँटामिनचं वेगळं काही सांगण्यासारखं नाही.

मेमँटिनचं काम ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावर चालतं. मध्यम किंवा पुढच्या टप्प्यात ते एकटं वा डोनेपेझिलच्या जोडीला देतात. पोटाला सौम्य, पण किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो.

लेकानेमॅब या नव्या औषधाची हवा फार झाली. अमेरिकेत 2023 मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. चाचणीत 18 महिन्यांत घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. 18 गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक जेमतेम 0.45. त्यासाठी सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाइन, वारंवार एमआरआय, वर मेंदूत सूज किंवा रक्तस्रावाचा धोका. तेही आजार अगदी सुरुवातीला असेल आणि अमायलॉइड (मेंदूत साचणारं प्रथिन) तपासणीत दिसला असेल तरच. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी दागिने मोडू नका.

फरक दिसत नाही म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. 2012 च्या ब्रिटिश चाचणीत मध्यम ते तीव्र आजारातही डोनेपेझिल चालू ठेवलेले रुग्ण बंद केलेल्यांपेक्षा बरे राहिले होते.