'हंटिंग बो' म्हणून ४१ हजाराला गंडलो, पहिला कंपाउंड बो घेणाऱ्यांनी वाचा

नमस्कार, कोल्हापुरातनं लिहितोय. आर्चरी सुरू करायची म्हणून पहिला कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, बघत असाल तर हे वाचाच, जरा मोठं झालंय पण वाचा, कारण मला ज्यानं फसवलं त्याची जाहिरात अजून फिरतीय, फोटो तेच हाईत फक्त नंबर बदललाय.

मी शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर असतो. २०२३ ला बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली आणि नागपूरचा ओजस देवतळे पण झाला, तेव्हापासनं कंपाउंड डोक्यात बसलं होतं. आता २०२८ च्या ऑलिम्पिकला कंपाउंडची मिक्स टीम घेतलीय म्हणल्यावर तर राहवेना. दोन दिवाळीचे बोनस बाजूला ठेवले होते. सेकंडहँड बघता बघता ही जाहिरात दिसली, हंटिंग बो, ७० पाउंड (दोरी ओढायला लागणारा जोर), स्पीड ३४० (सेकंदाला फूट), फुल पॅकेज, बिगिनरसाठी बेस्ट. ७० पाउंड आणि बिगिनर हे दोन शब्द एका ओळीत दिसले की तिथंच थांबायचं, पण हे मला आता कळतंय.

फोनवर माणूस लई गोड बोलायचा. मी म्हणलं ७० पाउंड म्हणजे जवळपास ३२ किलो, मला झेपंल का? तर म्हणाला, "दादा, लेट-ऑफ ८० टक्के आहे, हातात फक्त १४ पाउंड येतात, घरातल्या वहिनी पण ओढतील." मी हिशोब केला, ७० चे २० टक्के म्हणजे १४, बरोबर होता की हिशोब. त्यामुळंच तर विश्वास बसला. पण त्यानं अर्धंच सांगितलं होतं. ते १४ पाउंड कधी येतात तर दोरी पूर्ण मागं ओढून झाल्यावर, कॅम (टोकांची चाकं) फिरून गेले की मग. त्याच्या आधी मध्ये पूर्ण ७० पार करायलाच लागतात, ते कुणाला चुकत नाहीत. एखाद्याला सांगावं की घाटावर गेल्यावर सपाट रस्ता हाय, आणि घाट कुठनं चढायचा ते सांगूच नये, तसलं हे.

५ हजार टोकन पाठवलं. मग एका शनिवारी सीबीएसवर, म्हणजे एसटी स्टँडवर, भेटला. म्हणाला ७ ची गाडी हाय, गडबड करा. मी बो ओढून बघतो म्हणलं तर, "इथं गर्दीत नको दादा, पोलीस बघतात." बॅगची चेन अर्धी उघडून दाखवली, लाईट कमी, बो चकाचक दिसत होता. ३६ हजार जाग्यावर मारले. मी रोज व्हर्नियर हातात घेऊन पार्ट चेक करणारा माणूस, आणि ४१ हजाराची वस्तू स्टँडवरच्या उजेडात न ओढता घेतली, ह्याचं मला अजून वाईट वाटतंय.

घरी गच्चीवर ओढायला गेलो तर निम्म्यातच अडकलो. बो आभाळाकडं करून झटका देऊन ओढायला बघितलं, खांद्यात कळ आली ती तीन आठवडे होती. दोरी हळूहळू परत सोडली म्हणून वाचलो. बाण न लावता सटकली असती तर सगळा जोर बो मध्येच जातो, लिंब (बो ची वरची-खालची वाकणारी पट्टी) फुटून तोंडावर येऊ शकतंय.

मग ओळखीतनं एका आर्चरीच्या सरांकडं गेलो. त्यांनी बो ला हातच लावला नाही, आधी मला भिंतीला उभा केला, दोन्ही हात पसरायला लावले आणि टेप लावला. ६८ इंच. त्याला अडीचनं भागा म्हणाले, म्हणजे माझी ड्रॉ लेंथ (दोरी मागं किती ओढायची ते माप) २७ इंचाच्या आसपास. हा बो ३० ला सेट होता आणि ह्या मॉडेलला लेंथ बदलायची तर वेगळे मॉड्यूल लागतात, ते बॅगेत नव्हतेच. विकणारा म्हणाला होता, "ॲडजस्ट होतंय सगळं." आणि ते ३४० स्पीड पण ७० पाउंड, ३० इंच आणि हलक्या बाणावर मोजलेलं असतंय, माझ्या मापाला ते कधीच मिळणार नव्हतं.

मग सरांनी ड्रॉवरमधनं कापसाचा बोळा काढला आणि लिंबच्या कडेवरनं हळू फिरवला. वरचं लिंब साफ. खालच्या लिंबवर कॅमच्या जरा अलीकडं कापूस अडकला, दोन तंतू तिथंच लोंबत राहिले. बॅटरी मारून बघितलं तर केसाएवढी चीर, दोन बोटं लांब. त्यावर काळा मार्कर फिरवला होता. सर म्हणाले, कुणीतरी आधी बाण न लावता सोडलेला दिसतोय. बाण सहा होते, ते एकेक कानाजवळ धरून वाकवले, दोनांतनं करकर आवाज आला. असला कार्बनचा बाण सोडताना फुटला तर हातात घुसतो. वरनं बाणांचा स्पाइन (बाण किती वाकतो त्याचा नंबर) ५०० चा, ७० पाउंडाला लई मऊ.

आणि बॅगेत तीन पात्यांची शिकारीची टोकं पण होती. मला म्हणाला होता, राधानगरीकडं फार्महाऊसवर लोकं रानडुक्कर मारतात, चालतंय. आजिबात चालत नाही. परदेशात लायसन काढून, सीझन बघून बो नं शिकार करतात, त्याचे व्हिडिओ आपण बघतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात परवानगीशिवाय नुसता प्रयत्न केला तरी तो शिकारच धरतात, आणि अभयारण्यात सापडला तर किमान ३ वर्षं, ७ पर्यंत जेल. मला शिकार करायचीच नव्हती, टार्गेट मारायचं होतं, तरी 'हंटिंग' शब्दाला भुललो. स्पर्धेत तर कंपाउंडला ६० पाउंडाच्या वर चालतच नाही, म्हणजे हा बो घेऊन मी कुठं उतरणार होतो?

फोन केला तर पहिल्यांदा, "तुम्हीच तोडला असेल," मग ब्लॉक. तक्रार दिलीय, पण पावती नाही, नाव खरं का खोटं माहीत नाही. टोकन घेऊन कुणी गायबच झाला तर त्याच तासाला १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, उशीर करू नका.

बो घ्यायच्या आधी कुठल्यातरी क्लबला जाऊन माप घ्या, तिथला ओढून बघा. खुर्चीत बसायचं, पाय जमिनीवरनं उचलायचे आणि बो वर न करता सरळ ओढायचा. नाही आला तर वजन जास्त हाय, विषय संपला. सरांनी मला ३५ पाउंडचा क्लबचा जुना बो दिलाय, १० मीटरवर मारतोय, खांदा आता बरा हाय.

परवा गल्लीतला एक पोरगा आला, कॉलेजला हाय. म्हणाला, "दादा, तो तुमचा पडून असलेला बो १२ हजाराला द्या की." माळ्यावरनं काढला, कापूस त्याच्या हातात दिला आणि खालच्या लिंबवरनं फिरव म्हणलं. अडकलेले तंतू बघितले त्यानं, आणि बो परत माळ्यावर ठेवायला मला त्यानंच हात दिला.