मस्ट नॉट न् डोन्ट हॅव टू मधला फरक कळाला, फी वसूल (बजाजनगर, इंग्लिश क्लास)

मी वाळूज एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मूळ गाव गंगाखेडकडं, शिक्षण सगळं मराठीतून. मॅन्युअल वाचून समजतं पण मेल लिहायचं म्हणलं की घाम फुटायचा. मागं एकदा चेन्नईच्या सर्व्हिस इंजिनिअरला लिहायचं होतं की शनिवारी यायची गरज नाही, सोमवारी आलात तरी चालेल, आणि मी लिहिलं 'यू मस्ट नॉट कम ऑन सॅटर्डे'. तो शनिवारी शहरातच होता, मशीन बघून गेला असता, पण येऊ नका असंच सांगितलंय म्हणून लॉजवर बसून राहिला. मशीन दोन दिवस बंद. साहेबांनी मेल पुढं ठेवला तेव्हा मला कळंना की यात चुकलं काय.

म्हणून बजाजनगरात हा संध्याकाळचा क्लास लावला, सहा आठवडे, अडीच हजार. मॅडम शिकवतात आणि लई मनापासून शिकवतात. हा नियम-परवानगीचा भाग त्यांनी चार दिवस घेतला आणि पाठांतर अजिबात नाही, सगळं आपल्या मराठीवरून. 'मला गेलं पाहिजे' म्हणजे आय मस्ट गो, आपल्यालाच आतून वाटतंय, आणि 'मला जावं लागतं' म्हणजे आय हॅव टू गो, नियम बाहेरचा, कंपनीचा. ढोबळ फरक आहे, बोलताना दोन्ही चालतात असंही त्यांनी सांगितलं. पण पुढं 'नाही' जोडलं की दोन्हीच्या वाटा एकदम वेगळ्या होतात: मस्ट नॉट म्हणजे 'यायचं नाही', मनाई, आणि डोन्ट हॅव टू म्हणजे 'यायची गरज नाही', आलात तरी हरकत नाही. हे फळ्यावर बघितलं आणि मला तो शनिवार आठवला, खरंच अंगावर काटा आला. होऊन गेलेलं सांगायचं तर मस्ट चालत नाही, 'थांबावं लागलं' ला हॅड टू. आणि मस्ट नॉटचं छोटं रूप मसन्ट म्हणताना मधला ट म्हणायचाच नाही, हे तर मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं.

मे आणि कॅन पण छान घेतलं, 'आत येऊ का' हे मोठ्या साहेबांना विचारताना मे आय, दोस्ताला कॅन आय. शुड म्हणजे सल्ला, केलं तर बरं, सक्ती नाही.

कमी काय तर एका बॅचला तीसच्या आसपास पोरं, बोलायची पाळी आठवड्यातून दोनदाच येते. आणि शॅल एका वाक्यात उरकलं, आता आमच्या टेंडरच्या कागदात पानोपानी 'कॉन्ट्रॅक्टर शॅल' असतं, तिथं त्याचा अर्थ बंधनकारक, मी वेगळं विचारलं तेव्हा मॅडमनी क्लास सुटल्यावर अर्धा तास थांबून समजावलं, पण ते सगळ्यांना सांगायला पाहिजे होतं.

टायमिंग सात ते साडेआठ. सेकंड शिफ्टवाल्यांना जमत नाही, माझ्या लाईनवरची चार पोरं त्यामुळंच राहिलीत, मॅडमनी सकाळची बॅच सुरू करावी ही विनंती.