ग्वाल्हेरचा किल्ला: पूर्वेकडून चढा, उरवाईने उतरा

ग्वाल्हेरला जाणारे बहुतेक पर्यटक गाडीने उरवाई दरवाज्यातून वर जातात, मानमंदिर या महालासमोर उतरतात आणि तासा-दीड तासात परत फिरतात. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर त्याला इलाज नाही. पण पायात बळ असेल तर हा किल्ला पूर्वेकडच्या ग्वाल्हेर दरवाज्यातून पायी चढावा. राजा मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६ ते १५१६) आपला महाल थेट कड्याच्या टोकावर, तटाचाच भाग म्हणून उभारला. त्याचं खरं तोंड खालून वर येणाऱ्याकडे आहे. गाडीने गेलात तर महालाची मागची बाजू आधी पाहता आणि दर्शनी बाजू बहुधा राहूनच जाते.

सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्याला इथे सगळं उलटं वाटेल. आपल्याकडे दरवाजा बुरुजांच्या आड, गोमुखी वळणात लपवलेला असतो. इथे वाट उघड्या कड्याच्या कुशीतून सरळ वर जाते आणि डोक्यावर सहा गोल बुरुजांची, सुमारे ३०० फूट लांब आणि ८० फूट उंच भिंत सतत दिसत राहते. संरक्षण कड्यानेच केलंय. वालुकाश्माची ही टेकडी शहरापासून शंभरेक मीटर उठते, लांबी तीनेक किलोमीटर, आणि बाजू जागोजागी तासून आणखी उभ्या केलेल्या.

चढणीवर एकामागून एक दरवाजे लागतात: तळाचा आलमगिरी ऊर्फ ग्वाल्हेर दरवाजा (१६६०), मग बादल महाल दरवाजा, गणेश दरवाजा, लक्ष्मण दरवाजा, आणि माथ्यावर महालालाच चिकटलेला हाथी पोल. वाट फरसबंद आणि रुंद आहे. रमतगमत चाललं तरी पाऊण तास पुरतो. वाटेत सावली कमी आणि पाण्याची खात्री नाही, म्हणून माणशी एक लिटर पाणी खालूनच घ्या. सकाळी लवकर निघण्याचं आणखी एक कारण म्हणजे ऊन. दर्शनी भिंत पूर्वाभिमुख असल्याने टाइलचा निळा रंग सकाळीच खुलतो, दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते.

गणेश आणि लक्ष्मण दरवाज्यांच्या मध्ये एकाच खडकात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर आहे. शेजारून भराभर चढणाऱ्यांना ते लक्षातही येत नाही. आतल्या शिलालेखाचं साल विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब, १८७ हात रुंद जमीन आणि रोजच्या ५० माळा अशी ती नोंद आहे. या २७० आणि ५० मधलं शून्य बारीक वाटोळ्या वर्तुळाने कोरलंय, आज आपण काढतो तसंच. भारतात दगडावर कोरलेल्या शून्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत याची गणना होते. दार बंद असलं तर जवळच्या पहारेकऱ्याला विचारा. आत अंधार असतो. मोबाइलचा उजेड समोरून टाकला तर अक्षरं सपाट दिसतात, बाजूने तिरका धरला की खोदकाम उठून दिसतं.

मानमंदिराच्या दक्षिण भिंतीपाशी निवांत थांबा. निळ्या पट्ट्यावर पिवळ्या बदकांची रांग, खाली केळीची झाडं, हत्ती, मगरी. हा रंग लावलेला नाही. झिलई चढवून भाजलेले तुकडे दगडातल्या खाचांत बसवलेत, म्हणून तो पाचशे वर्षांनंतरही टिकून आहे. जिथे तुकडा निखळलाय तिथे रिकामी खाच दिसते, त्यावरून कामाची पद्धत कळते. आत दोन चौक, भोवती बुटक्या दालनांमध्ये जाळ्या आणि कोरीव ब्रॅकेट. त्याखाली तळघराचे दोन मजले आहेत. हवेसाठी भिंतीतून झरोके वर काढलेत. गारव्यासाठी बांधलेल्या या खोल्या मुघलांनी कैदखाना म्हणून वापरल्या. औरंगजेबाने भाऊ मुराद याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर मारलं. खाली उतरताना विजेरी हवीच. जिने अरुंद आहेत, वटवाघळांचा वास असतो आणि गर्दीत श्वास कोंडतो. मानमंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आणि पलीकडचे कर्ण महाल, जहांगीर महाल राज्य खात्याकडे असल्याने तिकिटं वेगळी काढावी लागतात. वेळ कमी असेल तर दुसरं तिकीट सोडलं तरी फार काही हुकत नाही.

सास-बहू मंदिरांतल्या मोठ्या मंदिराचं शिखर गेलंय, पण १०९३ चा लेख आणि तीन मजली मंडप शाबूत आहे. आतले चार जाडजूड खांब वरचा भार पेलण्यासाठी आहेत, बाकीच्या नाजूक खांबांशेजारी ते मुद्दाम पाहा. तेली का मंदिर त्याहून जुनं, आठव्या-नवव्या शतकातलं, सुमारे १०० फूट उंच. त्याचा माथा निमुळत्या शिखराचा नाही, आडव्या लांबट घुमटीचा आहे. उत्तर भारतात असं छप्पर इतक्या मोठ्या आकारात क्वचितच दिसतं. समोरची कमान मात्र मूळची नाही, १८८१ च्या दुरुस्तीत सुट्या अवशेषांतून ती उभी केली आहे. जवळच शिखांचे सहावे गुरू हरगोबिंद यांच्या इथल्या कैदेची आठवण जपणारा बंदीछोड गुरुद्वारा आहे. तिथला लंगर सर्वांना खुला असतो, जेवणाची सोय तिथेच करा.

मराठी माणसाला या किल्ल्याच्या माहितीफलकांवर आपला इतिहास तुटक मिळतो, तो घरूनच वाचून जावा. ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री कॅप्टन पॉपमच्या इंग्रज फौजेने शिड्या लावून, पायात कापूस भरलेले जोडे घालून हा अभेद्य किल्ला मराठ्यांकडून घेतला. आधी १६ फुटांचा तासलेला कडा, मग उभी चढण, त्यावर ३० फुटी तट. चढण्यासारखी जागा शोधून तिथे पहारा ढिला पाहिला, की कडा कितीही उंच असून उपयोग नाही. इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याला दिला, आणि महादजी शिंद्यांनी १७८३ मध्ये त्याच्याकडून परत मिळवला. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीचा आणि तात्या टोपेंचा ताबा काही दिवसच टिकला, मग किल्ला इंग्रजांकडे राहिला, आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात तो पुन्हा शिंद्यांकडे आला. दक्षिणेच्या तटावरून खाली पसरलेला ग्वाल्हेरचा ‘लष्कर’ नावाचा भाग दिसतो. दौलतराव शिंद्यांची १८१० ची छावणी तिथे पडली, तिचंच शहर झालं.

उतरताना उरवाईची वाट धरा. घळीच्या दोन्ही बाजूंना पंधराव्या शतकातल्या तोमर राजांच्या काळात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, सर्वांत मोठी ५७ फुटांची. गाडीतून त्या नीट दिसत नाहीत, मान वर करून पायीच पाहाव्या लागतात. बाबराच्या हुकमाने यांची तोडफोड झाली. काही चेहरे नंतर गिलाव्याने दुरुस्त केलेत, जवळून पाहिलं की दगड आणि गिलावा यांचा सांधा ओळखू येतो.

उरवाईला रिक्षा मिळते. तिने टेकडीला वळसा घालून पुन्हा पूर्व पायथ्याला, गूजरी महालातल्या संग्रहालयात या. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे वृक्षाशी निगडित स्त्रीची मूर्ती, तिथे आहे, ती लहान असल्याने कुलपात ठेवतात, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे किल्ल्याचा बेत मंगळवार ते रविवारमध्येच आखा.